समोरच्या खिडकीतला हेर

समोरच्या माडीवर तो माणूस राहायला आला, त्याच दिवशी मी आमच्या ह्यांना बजावलं, "हा कंपनीचा माणूस आहे. आजपासून तुम्ही दारात यायचं नाही."

"अगं, अजून त्याची ट्रंक वर गेली नाही आणि तू त्याची नोकरीसुद्धा ठरवलीस?" हे हसले, आणि हसता हसता खोकल्याची उबळ आली. हल्ली हे रोजचंच झालं होतं.

ह्यांनी उभं आयुष्य कोळशाच्या खाणीत ड्रिल चालवलं. ती सगळी धूळ फुफ्फुसात जाऊन बसली. कंपनीचा डॉक्टर म्हणाला, हे सिगारेटमुळे. ह्यांनी जन्मात सिगारेटला हात लावलेला नाही! माझं डोकं फिरतं ते इथेच. आजार दिलात तो दिलात, वर माणसाला खोटं पाडता? आम्ही भरपाईचा दावा लावला होता आणि सुनावणी पुढच्या आठवड्यावर आली होती. ती भरपाई हातात पडली नाही तर ह्यांचा ऑक्सिजन कुठून आणायचा, या विचारानं मला घास गिळवत नव्हता.

आणि मी काही उगाच संशय घेत नव्हते. आमच्याच गल्लीतल्या, खाणीतलं पाणी उपसणाऱ्या पंपवाल्याचा दावा बुडाला तो एका फोटोपायी. भरलेला गॅस सिलिंडर उचलून घरात नेताना कोणीतरी त्याचा फोटो टिपला आणि सुनावणीत पुढे केला. एवढं वजन उचलणारा माणूस आजारी कसा? त्यानंतर तो आठवडाभर अंथरुणाला खिळला होता, पण त्याचा फोटो काढायला कोणी फिरकलं नाही.

खिडकीवाला दिवसभर खुर्ची टाकून खिडकीत बसायचा. ना कामाला जाणं, ना कोणाशी बोलणं. नुसती आमच्या दारावर नजर. मग मीही पडद्याच्या फटीतून त्याच्यावर नजर ठेवली. भाजी निवडायची तर तिथे बसून, भात शिजायला लावायचा तर एक डोळा तिकडे. ह्यांना मी खुर्चीतून हलू देईना. डब्याचं झाकणसुद्धा मीच उघडायची.

"श्वास घेतला तर चालेल ना?" हे विचारायचे. "की तोही दाव्याच्या आड येतो?"

रात्रंदिवस तो खोकायचा, तोही थेट ह्यांच्यासारखा. मला वाटायचं, मेला आमची नक्कल करतोय.

"नक्कल नाही गं," हे म्हणाले. "तो खोकला खाणीतला आहे."

"म्हणजे कंपनीनं खाणीतलाच माणूस फोडला!" मी म्हटलं. यावर ह्यांनी कपाळाला हात लावला.

सुनावणीच्या आदल्या दिवशी, नुकतं उजाडत असताना, मी नळावर निघाले. दार उघडलं तर समोरच्या जिन्यात खिडकीवाला खाली बसलेला. शेजारी बादली, पायऱ्यांवर सांडलेलं पाणी. तोंड उघडं, ओठ निळे. माझ्या मनात पहिलं काय यावं? नाटक! ह्यांना बाहेर काढायचा डाव! हे माझ्यामागून पुढे झाले तशी मी दारात आडवी झाले.

"अहो, हा सापळा आहे!"

"असू दे. त्याची थुंकी बघ," हे म्हणाले. "खोकला खोटा काढता येईल. काळी थुंकी कुठून आणेल?"

मी पाहिलं. पायरीवर शाईसारखा काळा डाग होता. ह्यांना दारातच थांबायला सांगून मी धावले.

मला येताना पाहून त्या माणसानं पहिलं काम केलं ते बादली पायानं मागे सरकवण्याचं.

"ताई... ही बादली... माझी नाही," तो धापा टाकत म्हणाला. "मी काही उचलत नाही. कंपनीला... सांगू नका."

"कंपनीला? मी?"

"पडद्याआडून... दिवसभर बघता ना तुम्ही. माझाही दावा आहे. तुमच्या भीतीनं... उजेडात पाणीसुद्धा भरत नाही मी."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तहानलेला ठेवला होता मी त्या माणसाला, माझ्या दोन डोळ्यांनी.

तोवर हे भिंतीला धरत आलेच होते. त्याच्या खालच्या पायरीवर बसले आणि त्याच्या पाठीवर हात ठेवला. "पुढे वाक. ओठ चंबू करून हळूहळू सोड. घाई नको." दोघं बराच वेळ तसेच श्वास सोडत बसले. त्याच्या ओठांवर थोडा रंग आला. मग हे हळूच म्हणाले, "बादली माझीपण नाही." तो हसला, हे हसले, आणि दोघांना मिळून अशी उबळ आली की गल्लीतल्या खिडक्या पटापट उघडल्या.

हे उठले, त्याच्या काखेत हात घातला आणि त्याचा सगळा भार अंगावर घेऊन पायरी चढायला लागले. या वेळी मी आडवी झाले नाही.

मी ती बादली उचलली, गल्लीत मधोमध उभी राहिले आणि साऱ्या खिडक्यांना ऐकू जाईल अशी ओरडले, "बादली माझी आहे! कोणाला फोटो काढायचाय त्यानं माझा काढा!"

पंपवाल्याच्या खिडकीतून बाहेर आलेला मोबाईल आत गेला आणि ती खिडकी हळूच बंद झाली.