सढळ हात

नांदेडच्या कॉलेजात संगमेश्वर सरांनी काँक्रीटचा ठोकळा यंत्राच्या जबड्यात ठेवला आणि बटण दाबलं. यंत्र घरघरू लागलं. आनंदराज मिस्त्रींनी खिशातला रुमाल मुठीत आवळला. शेजारी त्यांची लेक धम्मप्रिया पडद्यावर चढत जाणाऱ्या आकड्यांना डोळे लावून उभी होती.

ठोकळा तिच्या मालाचा होता. हदगावजवळच्या त्यांच्या गावात विहाराचं सभागृह बांधायचं होतं. इंजिनिअर झालेल्या धम्मप्रियानं त्यासाठी निम्मं सिमेंट कमी करून त्याजागी भाजलेली माती आणि चुनखडीची भुकटी घालायचं ठरवलं होतं. सिमेंट तयार होताना भट्टीतून जो कार्बन हवेत जातो तो त्यानं बराच घटतो, हे तिनं बैठकीत घसा कोरडा पडेपर्यंत सांगितलं. शेवटी विहाराच्या कमिटीनं अट घातली. आधी पोर्चचा छोटा स्लॅब टाकायचा, त्याच मालाचे ठोकळे महिनाभर पाण्यात ठेवून नांदेडच्या कॉलेजात फोडून बघायचे. पास झाले तर सभागृहही त्याच मालाचं.

लेकीचं सगळं मिस्त्रींना पटलं होतं, माती तेवढी पटली नव्हती. किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा ते ऐन तरुण होते. लातूरकडं मदतीला गेले आणि पडलेल्या घरांची माती उपसत राहिले. त्या मातीखालून काय काय निघालं, ते त्यांनी बायकोलाही कधी सांगितलं नाही. पण तेव्हापासून कुणाचंही घर बांधताना ते ठरल्यापेक्षा घमेलंभर सिमेंट जास्तच टाकत. मालक कुरकुरला की हसून म्हणत, "आपला हातच सढळ हाय, मालक."

पोर्चच्या दिवशीही तेच झालं. सगळे जेवायला गेले होते. मिक्सरमध्ये कोरडा माल भरून तयार होता आणि गिलाव्यासाठी आणलेली साध्या सिमेंटची गोणी शेजारीच पडली होती. लेकीची चारचौघांत फजिती होऊ नये, एवढंच त्यांच्या मनात होतं. त्यांनी ती गोणी फोडली आणि आत ओतली. ठोकळे नेमके त्याच मालाचे भरले गेले.

कडाड् आवाज झाला. ठोकळा फुटला.

"वा!" सर म्हणाले. "पाहिजे त्याहून कितीतरी जास्त भार घेतला की! लिहून देतो."

धम्मप्रियाला हसावं की रडावं कळेना. तिनं वडिलांचे दोन्ही हात धरले.

"बाबा, आता सभागृहाचा स्लॅब! जयंतीला सगळी वस्ती त्याखाली बसेल. आईला पहिल्या रांगेत बसवू."

मिस्त्रींच्या डोळ्यांपुढं तो स्लॅब उभा राहिला. खाली त्यांची बायको महामाया, वस्तीतली लेकरंबाळं, आणि वर कुणीच न तपासलेला माल.

सरांनी पेनाचं टोपण काढलं.

"लिहू नका, सर." मिस्त्री म्हणाले. "त्यात म्या साधं सिमिट वतलंय. आख्खी गोणी."

धम्मप्रियानं त्यांचे हात सोडले. तिनं फुटलेल्या ठोकळ्याचा एक तुकडा उचलला.

"तुमचाच माझ्यावर विश्वास नाही, बाबा?"

"हाय, माय. पर भेव बी लई हाय."

परतीच्या बसमध्ये ती दुसऱ्या बाकावर जाऊन बसली. मिस्त्रींना मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. हदगावला उतरताना ती एवढंच म्हणाली, "रविवारी परत ठोकळे भरायचे."

रविवारी दुपारी कोरडा माल मिक्सरमध्ये पडला. गिलाव्याच्या सिमेंटची नवी गोणी याही वेळी शेजारीच होती. ती दुसरीकडं हलवा, असं मिस्त्रींनी दोनदा सुचवलं. धम्मप्रियानं ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

"आम्ही जेवून येतो," ती म्हणाली. "तुम्ही मालापाशी थांबा, बाबा."

"म्या एकलाच?"

"हाव."

सगळे गेले. मिस्त्रींनी मिक्सरमध्ये डोकावून पाहिलं. मातीचा तांबूस रंग चांगलाच दिसत होता. त्यांचे हात शिवशिवू लागले. त्यांनी एकदा घराच्या वाटेकडं पाहिलं, एकदा गोणीकडं पाहिलं.

मग ते त्या गोणीवर जाऊन बसले, आणि लेक परत येईपर्यंत उठले नाहीत.