भोरड्या गेल्या कुठं?

तीन हिवाळे झाले, लासूर स्टेशन गावातल्या शेतावर भोरड्या उतरल्याच नव्हत्या. हे सगळ्यांत आधी ध्यानात आलं ते आशाबाईंच्या. गुलाबी अंगाची, काळ्या डोक्याची ही पाखरं ज्वारीवरून हाकण्यात त्यांची निम्मी हयात गेली होती. आता त्या लेकीकडं शहरात, पुंडलिकनगरात राहायच्या, तरी धाकटा भाऊ सोमनाथचा फोन आला की पहिला प्रश्न तोच, "भोरड्या आल्या का रं?"

"नाय आक्का. बरंच झालं की!"

आशाबाईंना चैन पडेना. एवढाले थवे जातात तरी कुठं?

खालच्या मजल्यावरची स्वरदा कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायची. आशाबाईंनी तिला जिन्यातच गाठलं.

"मावशी, मध्य आशियातून येतात त्या," स्वरदा म्हणाली. "इथं ज्वारी होती म्हणून थांबायच्या. आता जिकडंतिकडं कापूस आणि मका. पाऊसही पार दिवाळीपर्यंत लांबतो. पण इथून नेमक्या कुठं गेल्या, ते आम्हीही शोधतोय."

"मग मलाबी ने की शोधायला."

रविवारी सकाळीच दोघी स्कूटीवरून पडेगावकडं निघाल्या. तिथं उतरून स्वरदा दुर्बीण लावून आभाळ धुंडाळत होती. आशाबाई नुसत्या कान देऊन उभ्या होत्या.

"थांब. कलकल ऐकलीस?"

एका बंद गोदामामागं पिंपळ होता. त्याच्या पिकल्या फळांवर भोरड्या तुटून पडल्या होत्या. स्वरदानं मोजल्या, सव्वाशे भरल्या.

"आमच्याकडं हजारानं यायच्या. बाकीच्या गं?"

"खरंच ठाऊक नाही, मावशी."

पुढच्या पेरणीला आशाबाई लासूरला जाऊन बसल्या. आपल्या वाट्याच्या एकरभर रानात त्यांनी ज्वारी पेरायला लावली. सोमनाथनं कपाळाला हात लावला. "आक्का, पाखरं खाऊन जातील!"

"येऊ तर दे आधी," म्हणत पेरणी उरकून त्या लेकीकडं परतल्या.

जानेवारीत कणसं भरली. आठवडा गेला, दुसरा गेला, रान गप्पच. आशाबाई हिरमुसल्या. आणि एका सकाळी सोमनाथचा फोन आला. "आक्का, आल्या! लई नाय, पण आल्या!"

"कोन्या अंगानं आल्या? इथं ज्वारी हाय हे त्यांना कळलं कसं?"

"मला काय ठावं? या अन् तुमीच इचारा."

मिळेल त्या गाडीनं त्या स्वरदाला घेऊन लासूरला पोचल्या. सोमनाथ बांधावर उकिडवा बसला होता. ज्वारीच्या ताटांवर पाखरं खुशाल दाणे टिपत होती आणि तो त्यांना हाकत नव्हता. बहिणीची चाहूल लागली तशी त्यानं मागं न बघताच हात वर केला.

"हलू नका, आक्का. अडतीसपर्यंत आलोय."