उजव्या पायाचा अंगठा

पेंटरचं देवाशी भांडण नव्हतं. बोलणंच नव्हतं, एवढंच. बायको रोज सकाळी चर्च झाडायला जायची, तेव्हा हा पठ्ठ्या फाटकाबाहेर सायकल धरून उभा राहायचा. एकतीस वर्षं. "आत या की," ती म्हणायची. "इथे वारा बरा आहे," हा म्हणायचा. दोन वर्षांपूर्वी ती गेली, तिची शवपेटीही त्याने फाटकाबाहेरूनच पाहिली, आणि मग फाटकाशी उभं राहायचंही कारण उरलं नाही. पाट्या रंगवायची कामं केव्हाच बंद झाली होती, पाट्या आता छापूनच मिळत. सकाळी दुकानात जाऊन "अर्धा लिटर दूध" म्हटलं की त्याचं दिवसभराचं बोलणं संपायचं.

म्हणून नव्याने आलेले फादर दारात उभे राहून "आपल्या क्रूसाला जरा रंग द्याल का?" म्हणाले, तेव्हा तो हरखूनच गेला. 'आपल्या' हा शब्द त्याने दिवसभर तोंडात घोळवला. काम असं करायचं, की ती असती तर तिने माणसांना हाताला धरून दाखवायला आणलं असतं. आणि मग रविवारी आपणही त्या माणसांत जाऊन बसायचं. उरलेलं आयुष्य एकट्याने भिंतींकडे बघत काढायचं नसेल, तर आत शिरायला हे एवढंच दार होतं.

चर्चच्या दाराजवळच्या भिंतीवर माणसाएवढा लाकडी क्रूस होता आणि त्यावर येशूची मूर्ती. पाय सहज हात पोचेल एवढ्या उंचीवर. आठ दिवस मिस्सेची प्रार्थना शेजारच्या हॉलमध्ये झाली आणि आत पेंटर एकटा. जुना रंग खरवडला, भेगा भरल्या, काट्यांच्या मुकुटाचा एकेक काटा वेगळा रंगवला. डाव्या पायावर आलेल्या उजव्या पायाचा अंगठा तर झिजून शर्टाच्या बटणाएवढा उरला होता, रंगाचा मागमूस नाही. 'काय ही माणसं, जरा म्हणून काळजी नाही,' असं पुटपुटत त्याने तो पॉलिश पेपरने खसाखसा घासला, लांबीचा लगदा भरून नवा अंगठा घडवला, वर नखसुद्धा काढलं. खाली वर्तमानपत्रावर पडलेला भुसा नीट पुडी करून कचऱ्याच्या डब्यात टाकला. कामात तो पहिल्यापासून टापटिपीचा.

रविवारी इस्त्रीचा शर्ट घालून तो शेवटच्या बाकावर बसला. पहिली आली शिंपीणबाई. तिला आता सुईत दोरासुद्धा ओवता येत नसे, इतकं कमी दिसायचं. घरात दिव्याच्या बटणाकडे जावा तसा तिचा हात न बघता वर गेला, पायाला लागला आणि थबकला. तिने बोटं मागे घेतली, चोळून पाहिली, पुन्हा चाचपलं. मग गुपचूप जाऊन बसली. तिच्या मागच्याचंही तेच. त्याच्या मागच्याचंही तेच. मिस्सेनंतर चारजण त्याला "छान झालंय हो" म्हणाले, आणि कुणाचीच नजर त्याच्या नजरेला भिडली नाही. शिव्या दिल्या असत्या तरी चाललं असतं.

शेवटी घंटावाला शेजारी येऊन बसला. घंटेच्या आवाजाने अर्धे कान गेलेला म्हातारा, हळू बोलणं त्याला जमायचंच नाही.

"पेंटर, तो अंगठा झिजला नव्हता रे. आम्ही झिजवला होता. चार पिढ्यांनी. बाप्तिस्मा झालेल्या पोराचा हात आधी तिथे. परगावी निघालेला माणूस तिथे. शवपेटी उचलायच्या आधी घरची माणसं तिथे. बाजूच्या चर्चवाले आम्हाला अंगठेबहाद्दर म्हणतात, ते काय उगाच?"

"मग मला कुणी सांगितलं का नाही?"

"हे सांगावं लागतं, असं कुणाच्या डोक्यातच आलं नाही. तुझी बायको तर झाडू ठेवला की पहिला हात तिथे लावायची. 'तो बाहेर उभा आहे, त्याच्याकडे लक्ष असू दे,' म्हणायची. रोज. तेव्हा कान धड होते माझे, घंटेच्या माळ्यावरून ऐकायचो ना."

पेंटर घरी कसा आला ते त्याचं त्यालाच कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या मिस्सेच्या बऱ्याच आधी तो पातं घेऊन हजर. कडेने पातं घातल्यावर नवा अंगठा नखासकट अख्खा त्याच्या तळहातावर पडला. खालचं लाकूड खरखरीत होतं. पॉलिश पेपरचे आडवे-उभे ओरखडे, त्याच्याच हातचे. तिच्या बोटांनी गुळगुळीत केलेलं सगळं त्या पुडीत गेलं होतं, आणि पुडी केव्हाच कचऱ्याच्या गाडीत. पेंटर रडला. उगाच शब्द कशाला फिरवायचे, हमसून हमसून रडला. ती गेली त्या दिवशीही तो इतका रडला नव्हता.

मग त्याने आपला अंगठा त्या लाकडावर टेकवला. काय म्हणतात ते त्याला ठाऊक नव्हतं. बराच वेळ तसाच उभा राहिला.

"मी आत आलोय," तो म्हणाला. येशूला की तिला, ते त्यालाही सांगता आलं नसतं.

ते लाकूड गुळगुळीत करायला तिला एकतीस वर्षं लागली होती, आणि तेही इतरांच्या जोडीने. पेंटरला एकाहत्तरावं चालू होतं. हिशेब जुळत नव्हता. त्याने जोर लावून लाकूड चोळायला घेतलं, तेवढ्यात मागून कुणीतरी खाकरलं.

शिंपीणबाई होती. तिच्यामागे घंटावाला, त्याच्यामागे आणखी दोघं.

"सरका जरा," ती म्हणाली. तिचा हात न बघता वर गेला, लाकडाला लागला, आणि या वेळी मागे आला नाही. तिने ते ओरखडे बोटांनी सावकाश चाचपले.

"खरखरीत आहे," ती म्हणाली. "होईल. पण उद्या एवढा वेळ लावू नका हं, मागे आम्हीही असतो."