खताचे तीन चमचे

ताईच्या सासरी तीन मोठी माणसं आहेत आणि तिघांची मिळून अक्कल एका चमच्यात मावेल. हे मी ताईसमोर बोलत नाही. तेवढा संयम मी कमावलाय.

ताई ऑपरेशनसाठी दवाखान्यात गेली तेव्हा तिनं घरच्यांवर एकच काम टाकलं होतं: गॅलरीतलं कुंडीतलं लिंबू सांभाळा. बी रुजवून तिनंच वाढवलेलं झाड, यंदा पहिल्यांदा कळ्या धरल्या होत्या. "घरी जाईन तेव्हा फुललेलं असेल," असं ती खाटेवर पडल्या पडल्या मला सांगायची. त्या घरात तिनं वाट बघावी असं दुसरं काही नव्हतंच.

मी तिचे कपडे न्यायला गेले, तर गॅलरीत कळ्यांचा सडा. पानांच्या कडा भाजल्यासारख्या, मातीवर मिठासारखा पांढरा थर.

"खत कोणी घातलं?"

"मी. रोज एक चमचा. चुकलो नाही एक दिवस," भाऊजी छाती फुगवून म्हणाले.

"तू कधी घातलंस?" त्यांच्या आई ताडकन उठल्या. "सकाळी तर मी घालते!"

ताईच्या दिरानं मोबाईलमधून डोकं काढलं नाही. "मग संध्याकाळी मी काय घालतोय?"

ताईनं महिन्याला एक चमचा सांगितला होता.

"एकमेकांना विचारायला जीभ झडली होती का?" मी म्हटलं. पण विचारतील कशाला? विचारलं की श्रेय वाटून घ्यावं लागतं, आणि प्रत्येकाला ताईपुढे 'मीच जगवलं' म्हणून मिरवायचं होतं. एरवी ही माणसं स्वतःचा पेलाही विसळत नाहीत. अति तिथे माती म्हणतात, यांनी मातीचीही माती केली.

"थोडं टॉनिक देऊन बघू का?" भाऊजी म्हणाले. मी त्यांच्याकडे नुसतं बघितलं.

कुंडी मी एकटीनंच ओढत बाथरूममध्ये नेली. वरचा पांढरा थर खरवडून टाकला आणि नळ बारीक सोडून ती त्याखाली ठेवली. खालच्या भोकातून गढूळ पाणी येत राहिलं, ते स्वच्छ होईपर्यंत मी जागची हलले नाही. मग कुंडी सावलीत ठेवली आणि खताचा डबा माझ्या पिशवीत टाकला.

"आता याच्याकडे फक्त बघायचं. हात लावायचा नाही."

तिघांचे चेहरे असे पडले, जणू मी त्यांची इस्टेटच घेऊन चालले होते.

ताई घरी आली तेव्हा झाडावर निम्मी पानं उरली होती, फूल एकही नव्हतं. शेंड्याला मात्र एक कोवळा कोंब होता. मी तिला सगळं खरं सांगितलं. तिनं कोंबाला हळूच बोट लावलं आणि तिला रडू आलं. मलाही आलं.

तेवढ्यात सासूबाई दूध घेऊन आल्या. मागोमाग भाऊजी बदाम, दीर ज्यूस.

"आधी हे घे."

"ते राहू दे, हे घे."

"डॉक्टरांनी ज्यूस सांगितलाय!"

तिघं तिच्या तोंडाशी आली. टाके दुखतायत का, हे एकानंही विचारलं नाही.

ताईनं तिघांकडे बघितलं, मग कुंडीकडे.

"हे झाड तुझ्या घरी ने," ती मला म्हणाली.

"नेते."

"आणि माझी बॅग उघडू नकोस. मीही येतेय."