कामाच्या दिवशीची गोळी

घराघरांत औषधं असतात आणि ती चुकवणारे शहाणेही असतात. आमचे सुतारमिस्त्री त्यांतलेच एक. त्यांच्या हृदयात धातूची झडप बसवलेली होती. तिच्यावर रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून त्यांना रोज एक गोळी घ्यायची होती, तीही जन्मभर.

पण एकदा पटाशी निसटली, बोट कापलं आणि रक्त लवकर थांबेना. गिऱ्हाइकाच्या कोऱ्या दारावर डाग पडला. "मिस्त्री, असं दार घरी नेऊ का मी?" गिऱ्हाईक चारचौघांत म्हणालं. मिस्त्रींच्या ते जिव्हारी लागलं. तेव्हापासून बारीक कोरीवकाम असलं की ते गोळीला गुपचूप फाटा देऊ लागले.

"अहो, गोळी घेतलीत ना?" बायको विचारायची.

"घेतली गं," मिस्त्री रंधा मारता मारता म्हणायचे.

एका सकाळी काम करताना पटाशी हातातून गळून पडली. उचलायला गेले, तर उजवा हात हलेना. शब्दही नीट फुटेना. शेजारी म्हणाले, हाताला तेल चोळा, बरा होईल. बायकोने कोणाचं ऐकलं नाही, त्यांना घेऊन तडक दवाखाना गाठला.

उपचारांनंतर हळूहळू बोटं हलू लागली. मग त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरीणबाई खाटेशी येऊन बसल्या.

"काका, खरं सांगा. गोळ्या चुकवल्यात?"

मिस्त्रींनी मान खाली घातली. "काम असलं की घेत नव्हतो. रक्त पाण्यासारखं पातळ झाल्यावर धारेचं हत्यार कसं धरायचं?"

"पाण्यासारखं नाही होत हो. लाकूड चिकटवायचा तुमचा सरस जसा घट्ट होतो, तसं रक्तही गोठतं. ही गोळी त्याला उशीर लावते, इतकंच. गोळी कमी पडली तर झडपेवर गुठळी होते आणि ती मेंदूत जाऊन अडकते, मग हात असा लुळा पडतो. जास्त झाली तर रक्त वाहत राहतं. म्हणून तर आम्ही रक्त तपासून मात्रा ठरवतो. बोट कापल्याचं मला तेव्हाच का नाही सांगितलंत?"

"लाज वाटली."

खाटेशी उभी असलेली बायको म्हणाली, "दारावरचा डाग रंध्याने निघाला असता. हा हात कुठून आणला असता?"

मिस्त्रींना रडू आवरेना. डोळे पुसायला त्यांनी उजवा हात उचलला. तो थरथरत होता, पण डोळ्यांपर्यंत पोचला.

पुढे तेच गिऱ्हाईक नवं काम घेऊन आलं. मिस्त्री स्पष्टच म्हणाले, "मी रक्त गोठू न देणारी गोळी घेतो. बोट कापलं तर आधी ते दाबून धरीन, काम नंतर. चालत असेल तर लाकूड ठेवा."

गिऱ्हाइकाने लाकूड खाली ठेवलं. मग विचारलं, "मिस्त्री, हात बरा आहे ना आता?"

वाचकहो, अशी गोळी आपल्या मनाने सुरू करू नका, आपल्या मनाने बंदही करू नका. अडचण असेल ती डॉक्टरांच्या कानावर घाला. आणि आपल्यासाठी काम करताना कोणाचा हात कापला, तर डागाकडे बोट दाखवण्याआधी त्याच्या बोटाची चौकशी करा.