लसादचा वर गेलेला हात

माझी बायको झकिया गेल्याचं दवाखान्यातून सकाळी कळलं. दुपारी जनाजा उचलायला पुढे आलेल्या चौघांत लसाद होता. त्याला कुणी बोलावलं नव्हतं. माझ्याकडे न बघता त्याने खांदा दिला.

मी आमच्या मोकनीन गावाच्या हँडबॉल संघाचा एकवीस वर्षं प्रशिक्षक होतो. लसाद माझा खेळाडू. सामना अटीतटीला आला की माझी नजर घड्याळाला चिकटायची. झकिया बाकामागून ओरडायची, "रिधा, घड्याळ सोड, पोरांकडे बघ!"

तीन वर्षांपूर्वी अंतिम सामन्यात आम्ही एका गोलने मागे होतो. अकरा सेकंद उरले होते, चेंडू आमच्याकडे होता. खेळ थांबवायचा तर प्रशिक्षकाने टेबलावर हिरवं कार्ड ठेवायचं असतं. मी घड्याळ बघितलं आणि कार्ड ठेवलं. शिट्टी वाजली. मान वळवली तर लसाद एकटा गोलकीपरसमोर आणि चेंडू जाळ्यात. शिट्टीनंतरचा गोल धरत नाहीत. उरलेल्या सेकंदांत दुसरा गोल झाला नाही, आम्ही हरलो.

बाहेर लोकांनी मला घेरलं. मी बोलून गेलो, "लसादनेच हात वर करून थांबवायला सांगितलं." चेंडू मागताना तो नेहमीच हात वर करायचा, त्या दिवशीही केला होता. त्यामुळे लोकांना पटलं. वडीलधाऱ्या माणसाला खोटं कसं पाडायचं म्हणून तो गप्प राहिला.

मग कॅफेत त्याने कॉफी मागवायला हात वर केला की कोपऱ्यातून आवाज यायचा, "थांबा रे सगळे! लसादशेठ दमले!" "अरे, कार्ड ठेवा कुणीतरी!" त्याने कॅफे सोडला, खेळही सोडला. आता तो ऑलिव्हच्या घाण्यावर असतो.

"त्याच कॅफेत जा आणि सगळ्यांसमोर खरं सांग," झकिया म्हणायची.

"हंगाम संपू दे."

"अजून घड्याळच बघतोयस तू."

हंगाम संपला, दुसराही संपला. मग ती आजारी पडली. शेवटच्या आठवड्यात तिने विचारलं, "सांगितलंस?"

"हो," मी म्हणालो.

"मग तो येतो का रे आता कॅफेत?"

मी तिची चादर सारखी करत राहिलो.

ती गेल्याच्या तिसऱ्या दिवशी लसाद कुसकुसचं ताट घेऊन घरी आला. "सी रिधा, दोन घास खा," तो पूर्वीसारखाच आदराने म्हणाला.

"लसाद, तो गोल..."

"राहू द्या. लाल्ला झकिया घरी येऊन माझ्या आईला सगळं सांगून गेल्या होत्या. त्याच वर्षी."

"मग तू कुणाला बोलला का नाहीस?"

"त्या म्हणाल्या, तो स्वतः सांगेल, थोडा वेळ दे." त्याने ताट माझ्याकडे सरकवलं. "खा, गार होतंय."

तिचा चाळिसावा दिवसही होऊन गेला. कॅफेत मी रोज जातो, तीच माणसं तिथे बसलेली असतात. त्यांना मी अजून सांगितलेलं नाही.