खुन्याच्या बायकोचं प्रकरण

माझी आई प्रेमकथा लिहायची आणि थोरली काकू रहस्यकथा. दोघी सख्ख्या जावा, घर एकच आणि लिहायला जेवणाचं टेबलही एकच. सकाळची आवराआवर झाली की खिडकीकडच्या टोकाला काकू बसायची, स्वयंपाकघराकडच्या टोकाला आई. एका टोकाला माणसं मरतात आणि दुसऱ्या टोकाला एकमेकांवर मरतात, असं बाबा म्हणायचे.

काकूची शिस्त करडी. शेवटचं प्रकरण डोक्यात पक्कं झाल्याशिवाय ती पहिलं वाक्य लिहीत नसे. प्रेत जिन्यात कसं पडेल हे बघायला तिने एकदा काकांना पायऱ्यांवर आडवं केलं होतं आणि दूधवाला आला तरी उठू दिलं नव्हतं. आईचं सगळं उलटं. कथेचा शेवट काय होणार हे तिचं तिलाही ठाऊक नसायचं. पण नायिका रुसून दार लावते, त्या एका ओळीसाठी ती घरातली सगळी दारं लावून बघायची. धाडकन लावलं तर नुसता राग, हळूच लावलं तर नातं संपलं, असं तिचं म्हणणं. दोघींना एकमेकींच्या कामाबद्दल आदर होता, पण तो बोलून दाखवायची आमच्या घरात पद्धत नव्हती.

मग काकूच्या डोळ्यांनी दगा दिला. आधी ओळी वाकड्या दिसू लागल्या, नंतर बघावं तिथे मधोमध काळा डाग. आहे तेवढी नजर टिकवू, गेलेली परत येणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. कादंबरी अर्ध्यावर होती. काकूने कागद कपाटात टाकले आणि नुसती खिडकीशी बसून राहू लागली.

आईला ते बघवेना. एका सकाळी तिने ते कागद परत टेबलावर आणले, स्वतःची कादंबरी बाजूला सारली आणि म्हणाली, "ताई, तुम्ही सांगा, मी लिहिते."

काकू अगदी स्वल्पविरामासकट सांगायची, आई मुकाट्याने लिहायची. पोलीस खुन्याच्या घरी येतात तिथपर्यंत सगळं सुरळीत चाललं. काकूने सांगितलं होतं एवढंच, की दार त्याच्या बायकोने उघडलं, तो घरी नव्हता. दुसऱ्या दिवशी आईने वाचून दाखवलं तेव्हा त्याची दोन पानं झाली होती. बायको नवऱ्याच्या शर्टाला इस्त्री करतेय, इन्स्पेक्टरच्या प्रश्नांना शांतपणे उत्तरं देतेय आणि तीच बाही पुन्हा पुन्हा इस्त्री करतेय.

काकू भडकली. माझ्या गोष्टीत कामाशिवाय माशीसुद्धा फिरकत नाही, ही बाही कशाला घुसडलीस, म्हणाली. आईही हट्टाला पेटली. इतकी वर्षं त्याच्याशी संसार केलेल्या बाईला काहीच कळलं नसेल का, असं तिने विचारलं.

काकूने ती पानं पुन्हा वाचायला लावली.

"म्हणजे तिला ठाऊक आहे?"

"ठाऊक आहे," आई म्हणाली. "आणि तरी तो संध्याकाळी घरी यावा असंच तिला वाटतंय."

काकू बराच वेळ टेबलावर बोटं वाजवत बसली. "त्या बाहीला बटण नवीन लाव," ती शेवटी म्हणाली. "दोरा जरा वेगळ्या रंगाचा. इन्स्पेक्टरला प्रेताजवळ सापडलेलं बटण त्याच शर्टाचं होतं. आता लिही, मला शेवट बदलायचाय."

उभ्या जन्मात काकूने ठरलेला शेवट कधी बदलला नव्हता. आई सांगते, त्या सकाळी लिहिताना तिचा हात दुखून आला, पण थांबा म्हणायचा धीर झाला नाही. समोर माणूस डोळे मिटून सबंध कादंबरी उसवत होता आणि एकही टाका न चुकवता परत शिवत होता.

रहस्यकथेच्या वाचकाला रडवायचं कशाला, म्हणून प्रकाशक कुरकुरले. मुखपृष्ठावर दोन नावं हवीत म्हणून काकू अडून बसली. पुस्तक निघालं आणि बघता बघता संपलं. खुनी कोण हे मी आधीच ओळखलं होतं, पण त्या बाईसाठी शेवटपर्यंत वाचलं, असं एक वाचक पुस्तकांच्या दुकानात काकूला म्हणाला. आधीच ओळखलं, हे तिला फारसं रुचलं नाही. घरी येताना मात्र तिने आईचा हात धरला होता, आणि तो फक्त रस्ता दिसत नाही म्हणून नव्हता.

त्यानंतर आईने आपली बाजूला ठेवलेली कादंबरी काढली आणि काकूला वाचून दाखवू लागली. काकूने दोन प्रकरणं निमूटपणे ऐकली.

"सगळं छान आहे गं," ती म्हणाली, "पण तुझ्या नायिकेचा नवा पत्ता याला दिला कुणी?"

आईने पानं मागेपुढे चाळली. मग हसत हसत पेनचं टोपण काढलं.